फडावरचा मल्ल आणि वाटेवरचा मल्ल

मल्ल हा आपल्या वाङ्मयाला अपरिचित नाही. कृष्णचरित्रात चाणूर आणि मुष्टिक येतात, भीमाच्या पराक्रमात जरासंध येतो. शालेय पुस्तकात शरीरसंपदेचा धडा असला की लाल मातीचा उल्लेख ठरलेला, आणि विनोदी कथेत अंगाने थोर पण बुद्धीने जड असा एखादा पैलवान हटकून भेटतो. परिचय इतका जुना असूनही या माणसाविषयी आपणांस खरोखर काय ठाऊक आहे, असा प्रश्न केला तर उत्तर अवघड जाते. त्याची छाती, त्याच्या मांड्या, त्याचा खुराक, त्याचे डाव यांची वर्णने पुष्कळ आहेत. तो फडावर कोठून आला, कसा आला, कुस्ती संपल्यावर कोठे गेला, आणि दोन कुस्त्यांच्या मधले दिवस त्याने कसे काढले, हे मात्र क्वचितच कोणी लिहिले आहे. ज्याचे पोट कुस्तीवर आहे त्याचे आयुष्य मुख्यत्वे या मधल्या दिवसांतच जाते. कुस्ती घटकाभराची, तिच्यासाठी तुडवायची वाट कित्येक कोसांची. ही वाट वगळल्यामुळे आपल्या वाङ्मयातील मल्लाचे चित्र अपुरे राहिले आहे, असे आमचे मत आहे, आणि ते येथे थोड्या विस्ताराने मांडावयाचे आहे.

प्रारंभ महाभारतापासून करणे सोयीचे होईल. विराटपर्वात मत्स्यनगरीत ब्रह्मदेवाचा मोठा उत्सव भरतो आणि दाही दिशांनी हजारो मल्ल तेथे गोळा होतात. त्यांत जीमूत नावाचा एक महाबलाढ्य मल्ल असतो. तो सर्वांना आव्हान देतो. कोणी पुढे येत नाही. तेव्हा विराट आपल्या बल्लव नावाच्या स्वयंपाक्याला त्याच्याशी झुंजावयास सांगतो. हा बल्लव म्हणजे अज्ञातवासातील भीम. ओळख पटण्याची धास्ती असल्यामुळे त्याला मनातून लढायचे नसते, पण राजाज्ञा मोडता येत नाही. तो आखाड्यात उतरतो, जीमूताला उचलून गरगर फिरवतो आणि ठार करतो. विराट प्रसन्न होऊन त्याला धन देतो. मुक्तेश्वरांपासून मोरोपंतांपर्यंत आपल्या कवींनी महाभारत मराठीत आणले आणि विराटपर्वही त्याबरोबर आले. त्यामुळे ही झुंज मराठी श्रोत्याच्या ओळखीची आहे.

या प्रसंगात काय आहे आणि काय नाही, हे नीट पाहण्यासारखे आहे. जीमूत हा उत्सवांतून फिरून आव्हाने देणाऱ्या मल्लाचा आपल्या वाङ्मयातील फार जुना नमुना आहे. त्याला नाव आहे, बळ आहे, गर्व आहे आणि मरण आहे. तो कोणत्या देशाहून निघाला, त्याच्याबरोबर कोण होते, त्याच्या मरणाची वार्ता कोणाच्या दारी पोहोचली, याविषयी कवी एक अक्षरही लिहीत नाही. कवीला भीमाचे गुप्त बळ दाखवायचे आहे. जीमूत त्याचे साधन आहे. महाकाव्याच्या दृष्टीने यात काही चूक नाही. परंतु बाहेरून येणारा मल्ल घरच्या वीराच्या मोठेपणासाठी यावा, हरावा आणि कथेतून नाहीसा व्हावा, हा जो साचा येथे पडला, तो पुढे फार काळ टिकला.

याच साच्यातील एक आख्यायिका महाराष्ट्रातील व्यायामप्रेमी मंडळींच्या तोंडी आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब असे दोन मल्ल पुण्यास आले. ठिकठिकाणचे मल्ल जिंकून ते आले होते, आणि जोड द्या, नाही तर जयपत्र लिहून द्या, असे त्यांचे मागणे होते. दरबारात कोणी पुढे येईना. तेव्हा बाळंभटदादा देवधर या तरुणाने आव्हान स्वीकारले, सप्तशृंगीची आराधना केली, मारुतीच्या कृपेने त्याला लाकडी खांबावरील मेहनतीची युक्ती सुचली आणि त्याने गुलाबला चीत केले. अलीने मग लढण्याचे टाळले. मल्लखांबाच्या उत्पत्तीची ही कथा आहे आणि ती सांगताना आजही वक्त्याचा स्वर उंचावतो. आम्हांला तिच्यातील एकाच शब्दापाशी थांबावयाचे आहे. तो शब्द म्हणजे जयपत्र. ज्याला एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जाऊन पोट भरायचे आहे, त्याला मागील विजयाचा लेखी पुरावा लागतो. जयपत्र हे त्याचे भांडवल. या एका शब्दात त्या दोघांच्या व्यवसायाची सारी रीत साठवलेली आहे. पण आख्यायिका तो शब्द त्यांच्या उद्दामपणाचे लक्षण म्हणून योजते आणि पुढे जाते. हैदराबादेहून पुण्यास आलेले ते दोघे कसे परतले, पुढच्या दरबारी त्यांना कोणी उभे केले काय, हे विचारण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

काव्याने व आख्यायिकेने जे सोडले ते शास्त्राने थोडेबहुत सांभाळले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथाचा उल्लेख आपण जुन्या मराठीच्या अवशेषांसाठी वर्गात नेहमी करतो. त्याच ग्रंथात मल्लविनोद नावाचे प्रकरण आहे. वय आणि बळ पाहून मल्लांचे प्रकार कसे करावे, त्यांना कोणते अन्न द्यावे, भारश्रम, भ्रमणश्रम, स्तंभश्रम इत्यादी व्यायाम कोणते, हे तेथे राजाच्या दृष्टीने सांगितले आहे. ‘मल्लपुराण’ हा दुसरा ग्रंथ भोगीलाल सांडेसरा व र. ना. मेहता यांनी संपादिला आणि तो १९६४ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्ल ब्राह्मणांचे हे पुराण. कृष्णाने त्यांच्या पूर्वजाला मल्लविद्या दिली, निंबजा ही त्यांची देवी, कोणत्या ऋतूत काय खावे आणि किती मेहनत करावी, असे त्यात तपशीलवार सांगितले आहे.

हे दोन्ही ग्रंथ वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. ‘मानसोल्लासा’त भ्रमण आहे, पण ते व्यायामाचा एक प्रकार म्हणून. मल्ल राजाच्या पदरी आहे, त्याचे अन्न राजाच्या कोठारातून येते. त्याला चालायला लावायचे ते अंग हलके राहावे म्हणून. ज्येष्ठीमल्लांची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. ही मंडळी मोढेऱ्याला राहिली नाहीत. गुजरातेतून निघून ती राजस्थानात, बडोद्यास, हैदराबादेस आणि थेट म्हैसूरच्या दरबारापर्यंत गेली. म्हैसूरच्या दसऱ्यातील वज्रमुष्टीची झुंज त्यांच्याच नावाशी जोडलेली आहे. एक संबंध जमात मल्लविद्येच्या आधारावर देशोदेशी पांगली, आणि तिच्या पुराणात देवी आहे, अन्न आहे, व्यायाम आहे. पांगण्याची कथा नाही. पुराण मूळस्थान सांगते. तेथून बाहेर पडलेल्या माणसाचा पुढचा प्रवास हा त्याचा विषयच नव्हे.

आता अर्वाचीन मराठीकडे वळू. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आम्ही शिक्षकांनी आपली म्हणून वाचली आहे, कारण तिचा निवेदकच शिक्षक आहे. त्या वाडीत तालीम बांधण्याचा उपक्रम होतो, धनगर मंडळी अंगमेहनतीने ती उभी करतात आणि औंधचे राजेसाहेब तिच्या उद्घाटनाला येतात. पुढे दुष्काळ पडतो आणि माणसे मेंढरे घेऊन वाट धरतात. तालीम येथे गावाच्या एकोप्याची खूण आहे, आणि वाट ही गावाच्या विस्कटण्याची. दोन्ही गोष्टी माडगूळकरांनी अत्यंत संयमाने रेखिल्या आहेत. मात्र तालमीतून निघून त्याच वाटेने जाणारा माणूस त्या कादंबरीत नाही. तो तिचा विषय नव्हता. यात लेखकाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही.

आनंद यादवांच्या ‘नटरंग’ या कादंबरीचे उदाहरण आम्हांला अधिक बोलके वाटते. पुढे २०१० साली तीवरून चित्रपटही आला, त्यामुळे कथानक सर्वश्रुत आहे. गुणा हा पिळदार पैलवानी देहाचा मजूर. त्याला तमाशात राजा व्हायचे आहे. परंतु फड उभा राहण्यासाठी नाच्या पाहिजे आणि दुसरा कोणी तयार नाही. अखेर तो स्वतःच नाच्या होतो आणि त्यासाठी तो कमावलेला देह मोडून टाकतो. मग फड गावोगाव हिंडू लागतो. येथे आपल्या मुद्द्याला पोषक अशी एक विलक्षण गोष्ट घडते. पैलवानी देह असेपर्यंत गुणा गावात आहे. तो देह गेल्यावरच त्याला वाट मिळते आणि वाटेबरोबर कथाही मिळते. तमासगिराच्या प्रवासाला वाङ्मयीन मोल आहे, हे आपल्या कादंबरीकाराला ठाऊक आहे. फड हा शब्द तमाशाचा तसाच कुस्तीचाही. दोघांच्या वाटा त्याच जत्रांना जातात. तरी एकाच्या वाटेवर कादंबरी झाली आणि दुसऱ्याच्या वाटेवर झाली नाही.

नाटक मंडळ्यांशी तुलना केली तर हा भेद आणखी स्पष्ट होतो. संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळात मंडळ्या मुंबई-पुण्याइतक्याच इंदूर, बडोदे, बेळगाव, हुबळी या गावी मुक्काम करीत. संस्थानिकांचा आश्रय, उत्पन्नाची अनिश्चितता, बिऱ्हाडाची दैना, सोबत्यांचे रुसवेफुगवे, या साऱ्याचे वर्णन गणपतराव बोडसांच्या ‘माझी भूमिका’मध्ये आणि चिंतामणराव कोल्हटकरांच्या ‘बहुरूपी’मध्ये आपणांस मिळते. ‘बहुरूपी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो केवळ त्यातील भूमिकांच्या आठवणींसाठी नव्हे, एका भटक्या व्यवसायाचे अंतरंग त्यात उतरले आहे म्हणून. त्याच काळात, त्याच संस्थानांत, त्याच दात्यांच्या आश्रयाने मल्लही हिंडत होते. कोल्हापुरास शाहू महाराजांनी मल्लविद्येला जो आश्रय दिला त्याची साक्ष खासबागेचे मैदान आजही देते. नटाने आपले पुस्तक मागे ठेवले, कारण त्याचा धंदाच शब्दांचा होता. मल्लाने मागे ठेवल्या त्या गदा, फेटे आणि भिंतीवरची छायाचित्रे. त्याच्या वतीने लिहिणारे आपण प्रेक्षक. आपण तेवढेच लिहिले, जेवढे आपल्या बसण्याच्या जागेवरून दिसत होते.

प्रेक्षकाच्या या जागेवरून केलेल्या लिखाणाची उत्कृष्ट मर्यादा कोणती, हे पाहायचे असेल तर फ्रेंच टीकाकार रोलां बार्त याचा कुस्तीवरील निबंध वाचावा. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथॉलॉजीज’ या त्याच्या संग्रहात तो पहिलाच आहे. पॅरिसमधील दुय्यम दर्जाच्या सभागृहांतून होणाऱ्या व्यावसायिक कुस्त्यांचा त्याने तेथे विचार केला आहे. या कुस्त्यांचा निकाल अगोदर ठरलेला असतो, हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि त्याची त्याला पर्वा नसते; तो खेळ पाहायला येत नाही, दुःख, पराभव आणि न्याय यांची ढळढळीत चिन्हे पाहायला येतो, असे बार्तचे प्रतिपादन आहे. पन्नाशीचा, स्थूल, ओंगळ देहाचा तोव्हँ नावाचा मल्ल रिंगणात येताच त्याच्या देहावरूनच तो खलपुरुष आहे हे प्रेक्षक ओळखतो, हे त्याने मोठ्या मार्मिकपणे दाखविले आहे. ग्रीक नाट्याशी त्याने केलेली तुलना आपल्या दशावतारी खेळालाही लावून पाहण्याजोगी आहे. संकासुर येताच तो कोण, हे आपणही त्याच्या सोंगावरूनच ओळखतो.

निबंधाच्या अखेरीस बार्त त्या मल्लाला सभागृहाबाहेर पडताना पाहतो. क्षणापूर्वी देवासारखा किंवा दैत्यासारखा भासलेला हा माणूस हातात एक छोटी पेटी घेऊन, पत्नीचा हात धरून, कोणाच्या लक्षात न येता निघून जातो. बार्तच्या दृष्टीने हा कुस्तीच्या रूपांतरशक्तीचा पुरावा आहे. येथे निबंध संपतो. आमची जिज्ञासा मात्र येथे सुरू होते. त्या पेटीत काय होते? तो पायी गेला की शेवटची गाडी पकडायला धावला? उद्या कोणत्या गावी त्याला पुन्हा हाच खलपुरुष व्हायचे होते, आणि त्या गावच्या सभागृहात आपली ओंगळ स्थूलता पुन्हा विकायला ठेवताना त्याला काय वाटत होते? बार्तची बुद्धी असामान्य आहे, पण तिने दारापर्यंतच साथ दिली. पेटीला त्याने चिन्ह मानले. ती उचलणाऱ्या हाताला तिचे वजनही असते.

ते वजन सांगणारे पुस्तक पुढे लिहिले गेले, आणि ते एका मल्लानेच लिहिले. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीगीर मिक फोली याचे ‘हॅव अ नाइस डे!’ हे आत्मचरित्र १९९९ साली प्रसिद्ध झाले. अशी आत्मचरित्रे दुसऱ्याकडून लिहवून घेण्याची तेथे रीत आहे. फोलीने ते स्वतःच्या हाताने लिहिले. या पुस्तकात दोष भरपूर आहेत. ते पाल्हाळिक आहे, त्यातील विनोद कित्येकदा ग्राम्य आहे, आणि विद्यार्थ्यांच्या हाती ते द्यावे असे आम्ही म्हणणार नाही. तथापि त्याचे जे बळ आहे ते निश्चितपणे वाटेचे आहे. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्टलंड येथे शिकत असता फोली सुट्टीच्या दिवशी मोटार हाकीत पेनसिल्वेनियातील फ्रीडम या गावी डॉमिनिक डेनुची या वस्तादाकडे जाई आणि रात्री मोटारीतच झोपे. पुढे तुटपुंज्या बिदागीसाठी रात्रीची लांब दौड, स्वस्त उतारशाळा, भाडे वाटून घेणारे सोबती, घरापासूनचा दुरावा, हे सारे तो सांगतो. १९९४ साली म्यूनिकच्या कुस्तीत त्याचा कान तुटला. तेथे निकाल ठरलेला होता. कान ठरलेला नव्हता. बार्तला जे चिन्ह दिसले, त्या चिन्हाच्या मागे तुटणारा देह होता आणि तो देह दुसऱ्या गावी न्यायचा होता, हे फोलीमुळे कळते.

त्या व्यवसायाची एक प्रथा येथे सांगण्याजोगी आहे. रिंगणातील नायक आणि खलनायक यांनी प्रवास वेगवेगळा करावा, असा तेथे दंडक होता. १९८७ साली न्यू जर्सीत असे दोन हाडवैरी एकाच मोटारीत असताना पोलिसांनी अडवले, तेव्हा व्यवसायात मोठी खळबळ उडाली. लोकांना सत्य कळले ते रिंगणात कळले नाही, रस्त्यावर कळले. आपल्याकडेही ‘नुरा कुस्ती’ हा शब्द आहे. राजकारणाच्या लेखांत तो आपण सर्रास वापरतो. परंतु ज्या मल्लांना एकाच जत्रेच्या वाटेवर एकत्र भाकर खावी लागते आणि संध्याकाळी एकमेकांस आपटावे लागते, त्यांच्या मनात स्नेह, लोभ आणि अभिमान यांची काय ओढाताण होत असेल, याचा शोध आपल्या एकाही मोठ्या कथेने घेतल्याचे आम्हांला आढळले नाही. नैतिक पेच हा जर कथेचा प्राण असेल, तर असा पेच जत्रेच्या प्रत्येक वाटेवर पडलेला आहे.

सामग्रीची वाण आहे, असे कोणी म्हणू नये. दिवाळीनंतर आमच्या सीमाभागात जत्रांचा हंगाम लागतो तो उन्हाळ्यापर्यंत चालतो. फडाची रचना पाहिली तरी एक संपूर्ण समाज दिसतो. प्रथम पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग लहान इनामाच्या, आणि दिवस कलताना मानाची कुस्ती. जोड लावणे ही एक कलाच आहे. जत्रेचे पंच दोन अनोळखी तरुणांचे दंड-मांड्या न्याहाळून जोड ठरवतात. परगावचा हुशार गडी तेव्हा अंग चोरून उभा राहतो. हलगी कडाडू लागते, सलामी होते, खडाखडी होते, कोणी एकेरी पट काढतो, कोणी ढाकेवर घेतो. हे सारे आपल्या लेखकांनी वर्णिले आहे. त्यानंतरचे मात्र अंधारात आहे. गावच्या लाडक्या पोराला चीत केलेल्या परक्या मल्लाने तो गाव कसा सोडला? फेट्यात पडलेल्या नाण्यांतून वस्तादाचा वाटा किती, वाटखर्च किती, दुधातुपाचे किती? खांदा निखळला असता पुढच्या जत्रेचे बोलणे कसे मोडावे, की मोडू नये? या प्रश्नांत पैसा आहे, देह आहे, इभ्रत आहे. कादंबरीला याहून अधिक काय हवे?

गामाविषयी आपण जे सांगतो त्यातही हेच घडते. १९१० साली गामा लंडनला गेला. त्याचा बांधा पाश्चात्त्य मल्लांच्या मानाने ठेंगणा असल्यामुळे त्याला तेथील स्पर्धेत प्रवेश मिळेना. तेव्हा अर्ध्या तासात कोणाही तिघांना चीत करीन, असे आव्हान त्याने जाहीर केले. पुढे अमेरिकन मल्ल रोलर याला त्याने हरविले. १० सप्टेंबर १९१० रोजी पोलिश मल्ल झ्बिस्को याच्याशी त्याची कुस्ती अडीच तासांहून अधिक चालली. झ्बिस्को बहुतेक वेळ पालथा पडून राहिला आणि निकाल लागला नाही. दुसऱ्या ठरलेल्या दिवशी तो आलाच नाही. १९२८ साली पतियाळास त्याच झ्बिस्कोला गामाने एका मिनिटाच्या आत चीत केले. आपल्याकडील लोकप्रिय लेखनात या कथेभोवती बदामांचे, दुधाचे आणि बैठकांचे आकडे रचलेले असतात, आणि ते दरवेळी वाढत जातात. आव्हान देऊन परक्या नगरीत वाट पाहत बसलेला, भाषा न कळणारा, कोणी लढायलाच तयार नाही म्हणून ज्याचे बळ निरुपयोगी झाले आहे असा गामा हा आमच्या मते झ्बिस्कोवर बसलेल्या गामापेक्षा अधिक कथनीय आहे. अडीच तासांची कुस्ती वृत्तपत्रांनी लिहिली. त्यापूर्वीचे प्रतीक्षेचे दिवस लिहिणे हे साहित्यिकाचे काम होते.

याच्या उलट खाशाबा जाधवांची कथा पाहावी. खाशाबा धंदेवाईक मल्ल नव्हते. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिक सामन्यांत त्यांनी कांस्यपदक मिळविले. ही कथा महाराष्ट्रात सर्वांना पाठ आहे. पण पाठ काय आहे? त्यांनी कोणाला कोणत्या डावाने हरविले, हे फार थोड्यांना सांगता येईल. लोकांच्या लक्षात राहिले आहे ते असे, की जाण्यासाठी पैसे नव्हते, गावोगाव वर्गणी झाली, प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, आणि परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. म्हणजे जनतेच्या स्मृतीने जे जपले ते जाणे आणि येणे. लेखकांनी जे वगळले ते लोकांनी आपण होऊन निवडले. वाटेचे मोल श्रोत्याला कळते, याला आणखी पुरावा नको.

येथे एक आक्षेप संभवतो. कला ही निवड आहे. कुस्ती हा स्वयंपूर्ण, एकाग्र, नाट्यमय प्रसंग आहे. त्याला प्रवासाचे शेपूट जोडल्याने रस पातळ होईल, असे कोणी म्हणेल. आक्षेप विचारार्ह आहे. केवळ मुक्कामांची यादी दिल्याने वाङ्मय होत नाही, हे फोलीच्या पुस्तकातील कंटाळवाण्या पृष्ठांवरूनही दिसते. परंतु एकाग्र प्रसंगाला अर्थ येतो तो त्यात काय पणाला लागले आहे, यावरून. भीम-जीमूत झुंजीत आपल्याला भीमाची बाजू कळते, कारण त्याचा अज्ञातवास आपल्याला माहीत आहे. हरला तर बळ खोटे ठरते, जिंकला तर ओळख उघडी पडते. जीमूताचे काय पणाला लागले होते, हे ठाऊक नसल्यामुळे ती झुंज एकाच बाजूने नाट्यमय आहे. दोन्ही बाजूंचे ओझे कळले तर रस पातळ होत नाही, दाटतो. आणि आपल्या नित्य बोलण्यात ‘धंदेवाईक’ हा शब्द जो तुच्छतेने येतो, त्याचाही अशा लेखनाने पुनर्विचार होईल. देहाच्या कष्टावर पोट भरणे हे शब्दांवर पोट भरण्याहून हलके कसे, याचे उत्तर आम्हां शब्दोपजीवी शिक्षकांना एकदा द्यावेच लागेल.

महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळींना या विषयाशी विशेष कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो. मल्लांची जुनी वाट संस्थानांतून जात होती. बडोदे आणि इंदूर, ग्वाल्हेर आणि हैदराबाद हे तिचे टप्पे. आबासाहेब मुजुमदारांच्या संपादनाखाली ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात निघाले. मराठीतील हे प्रचंड काम महाराष्ट्राबाहेर व्हावे, यात आश्चर्य नाही. तो शेवटचा खंड निघेपर्यंत संस्थानेच उरली नव्हती. १९४८-४९ मध्ये ती विलीन झाली, आणि मल्लाचा दाता बदलला. दरबाराच्या जागी जत्रेची समिती, साखर कारखाना आणि तिकिटाची खिडकी आली. मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग आणि किंग काँग यांना पाहावयास गर्दी लोटू लागली. दारासिंग १९४७ साली सिंगापूरला गेला होता, तेथून देशोदेशी फिरला, आणि १९८९ साली त्याने पंजाबीत आपली आत्मकथा लिहिली. मराठीतील ही जागा भरलेली नाही. बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे कोल्हापुरास जाऊन घडले आणि १९५९ साली हिंदकेसरी झाले. २०२० साली ते गेले. सीमेच्या अलीकडून पलीकडे जाणारी ती वाट किती जणांनी तुडवली असेल! त्या पिढीतील थोडेच आता उरले आहेत.

आमच्या अध्यापक बंधूंना म्हणून एक सुचवावेसे वाटते. आपापल्या गावच्या तालमीत अजून एखादा वृद्ध वस्ताद बसलेला असेल. त्याच्याकडे विद्यार्थ्यांना न्यावे. मुले साहजिकच विचारतील, जोर किती मारत होता, दूध किती पीत होता, कोणाला चीत केले. ती उत्तरे त्याने हजारदा दिलेली असतात. त्याला दुसरे विचारावे: जत्रेला निघताना बरोबर काय घेत होता, कोणाच्या घरी उतरत होता, बिदागीचे बोलणे कोण करी, आणि हरल्यानंतर घरी कसे परतत होता. तो प्रथम गप्प राहील, कारण हे त्याला आजवर कोणी विचारलेले नाही. थोडे थांबावे आणि तो बोलू लागला की त्याच्याच शब्दांत उतरून घ्यावे.